दोन सर्व्हर आणि एक टिंब

सगुण,

तुझं बारावं व्हायच्या आधीच मी तुझ्यावर ओरडले. पेडण्याच्या ऑफिसात, तुझ्या रिकाम्या कदेलीकडे, खुर्चीकडे बघून, चांगली वरच्या पट्टीत. "सांगितलं होतं की नाही तुला? सांगितलं होतं की नाही?" शेजारच्या मेजावरची माणसं दचकून उठली. एकानं धावत जाऊन पाणी आणलं. त्याला वाटलं, बाईला दुःख आवरेना. दुःख होतंच रे. पण त्या घटकेला मला तुझा राग आला होता, आणि रागात मी कशी असते हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

झालं होतं असं की त्या सकाळी आपला रिपोर्ट आलाच नाही. आपल्या काजू बागायतदारांच्या संस्थेत सगळे त्याला 'सगुणचा रिपोर्ट' म्हणतात. अर्धं काम माझं असूनही. कोणाच्या बागेतून कुठली पोती आली, हे पेडण्याच्या सर्व्हरवर, म्हणजे तुझ्याकडे. त्या पोत्यांतून काजूगर कसा निघाला, अख्खा किती, तुकडा किती, डागी किती, हे डिचोलीकडच्या आमच्या पाळी गावच्या कारखान्यातल्या सर्व्हरवर, म्हणजे माझ्याकडे. दोन्हीकडचं एकत्र आलं तरच कळणार की कोणाची बी कशी निघाली. तुझ्या एका क्वेरीत दोन तालुके एकत्र यायचे. पेडण्याला बसून तू विचारायचास आणि पाळीहून उत्तर यायचं.

आता पेडण्याच्या स्क्रीनवर एकच ओळ होती. सगुण या नावानं आत येता येणार नाही. ऑफिसनं रीतीप्रमाणे तुझं खातं बंद केलं होतं. आणि तू, शहाण्या, त्या दोन सर्व्हरांमधली लिंक स्वतःच्याच खात्यावर बांधून ठेवली होतीस.

मी तुला सांगितलं होतं. संस्थेच्या नावाचं वेगळं लॉगिन कर, असल्या कामाला माणसाचं नाव लावू नये, माणूस नोकरी सोडतो, बदलून जातो, भांडून जातो. तू पावाचा तुकडा चहात बुडवत, माझ्याकडे न बघता म्हणाला होतास, "हांव खंय वतां गो?"

मी कुठं जातोय. असं म्हणाला होतास.

रविवारी कोरगावात बागायतदारांची सभा होती. हंगाम संपला की ती होतेच, आणि लोक तिथं एकाच प्रश्नासाठी येतात, आमची बी कशी निघाली? ते सांगायला रिपोर्ट हवा होता. त्यातच आपल्या मॅनेजरांनी, शिरोडकरांनी, आणखी एक गोष्ट माझ्या पुढ्यात टाकली. म्हणाले, "उज्ज्वलाबाई, आता सगुण नाही. ही दोन सर्व्हरांची कटकट कशाला? सगळं एकाच मशीनवर आणू या. तुमचंही तेच मत आहे ना? सभेत तुम्हीच सांगा, लोकांच्या संमतीनं करून टाकू."

माझंच मत ते. इतकी वर्षं तुझ्याशी त्यावरून भांडले. आणि आता तू नसताना ते मला फुकटात मिळत होतं. हो म्हणायचं की नाही, हे मला रविवारपर्यंत ठरवायचं होतं.

पहिली ओळख आठवते तुला? ओळख कसली, तक्रारच. मी कारखान्यात नवी होते. वजनकाट्यावरचा मारुती, गडहिंग्लजकडचा, धापा टाकत आला. "ओ मॅडम, काटा गप्प बसलाय बघा! आकडाच घेईना झालाय, बाहेर ट्रक हुबा हाय." मी सर्व्हर उघडून बघते तर पेडण्याहून कुणीतरी आत शिरून आमचं सगळं टेबल भराभरा ओढून नेतंय आणि आमच्याच काट्याला जागा मिळत नाहीय. फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"सगुण."

"काय चाललंय तुमचं?"

"कांय ना गो बाय. तुमचो डेटा पळयतां."

"बघताय? किती?"

"मातसो."

"थोडासा म्हणजे किती?"

तू अगदी सज्जनपणे म्हणालास, "सगळो."

तुला हवी होती कोरगावची त्या आठवड्याची पोती. पण क्वेरी अशी लिहिली होतीस की आधी पाळीतलं होतं नव्हतं ते सगळं पेडण्याला यायचं, आणि मग तू ते निवडत बसायचास. मूठभर बियांसाठी आमचं अख्खं गोदाम रस्त्यावर आणून उभं केलंस. मी फोनवर काय काय बोलले ते आता लिहीत नाही. मारुतीनं दार लोटून घेतलं होतं, बाहेरच्या बायांना ऐकू जाऊ नये म्हणून.

तू फोन ठेवला नाहीस. हे मला नंतर लक्षात आलं. दुसऱ्या कुणी ठेवला असता. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "बरें. मग कशें करूंया?" तिथून आपण दोघांनी ती क्वेरी पुन्हा लिहिली. विचारायचं ते पूर्ण इथून विचार, निवडायचं काम पाळीच्या सर्व्हरला करू दे, आणि उरेल तेवढंच पेडण्याला ने. मी सांगत होते, तू टाइप करत होतास. मध्येच म्हणालास, "वयल्या शेजारणीकडे साखर मागूंक गेल्यार तिचो डबो उचलून हाडूं नये, असोच न्हय?" मी म्हटलं, असोच. आणि हसू आलं, ते तुला ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी तू मोटरसायकल मारत पाळीला आलास. एका पिशवीत तुमच्या पोदेराचे, पाववाल्याचे गरम पाव आणि दुसऱ्या पिशवीत भिंत रंगवायचा ब्रश. पाव माफीचे, हे कळलं. ब्रशचं कळेना. तू सरळ आमच्या सर्व्हरचं झाकण उघडलंस. आत आमच्याकडच्या खाणींच्या लाल धुळीचा थर. "अगो, हो सर्व्हर काय खाणीचो ट्रक?" मला राग यायला हवा होता, पाळीला कुणी धुळीवरून बोललं की येतोच. पण तू बोलता बोलता उकिडवं बसून तो थर झाडायलाही लागला होतास. शर्ट लालभडक करून घेतलास आणि तसाच परत गेलास. तुझ्या घरी विचारलं म्हणे, खाणीवर लागलास काय रे?

मग तो टिंबाचा प्रकार. तो मी मेल्यावरही विसरणार नाही. बघ, जीभ कशी चावावी लागते आता.

पहिला जोडलेला रिपोर्ट निघाला आणि त्यात हरमल होतं, मांद्रे होतं, धारगळ होतं, कोरगाव नव्हतं. एकही पोतं नाही. कोरगाव, म्हणजे तुझा गाव! तुझे वडील, आबा, त्यांची काजूची बाग तिथल्या डोंगरावर. तुझा फोन आला, "आमची पोतीं खाल्लीं काय तुमी?"

"तोंड सांभाळ. कोरगांवचं सगळं आहे माझ्याकडे."

"मग येना कशें?"

पोत्यांचे नंबर प्रत्येक गावाचे एकपासून सुरू होतात. त्यामुळे नुसत्या नंबरानं भागत नाही, गावाचं नाव आणि नंबर दोन्ही जुळले तरच ते पोतं तेच. म्हणून आपण फोनवर नावं वाचून पडताळायला बसलो.

"तुझ्याकडे काय लिहिलंय?"

"कोरगांव."

"माझ्याकडेही कोरगांव."

"नंबर?" नंबरही तोच. "मग जुळना कशें?" असं आपण सकाळभर करत बसलो. तू तुझं वाचायचास, मी माझं वाचायची, दोघांना एकच ऐकू यायचं. तू सर्व्हरला शिव्या घातल्यास, मी लाइनला घातल्या. शेवटी मी बस पकडून पेडण्याला आले, तुझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीन बघितला आणि मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. तुझ्याकडे लिहिलेलं होतं 'कोरगाव'. आमच्याकडे 'कोरगांव'. एक टिंब.

"अगो उजे! एका टिंबाखातीर आमचो अख्खो गांव गायब केलो तुमी!"

"आम्ही? बोलताना एवढा नाकातून 'गांव' म्हणतोस, मग लिहिताना टिंब कुठं ठेवून येतोस?"

"तें मास्तरान कान पिळून काडून घेतलां."

"आमच्या मास्तरांनी नाही काढून घेतलं!"

आणि मग आपण खरोखर भांडलो. शुद्धलेखनावरून! दोन चांगली कमावती माणसं! तू म्हणालास, मराठी शाळेत गाव असाच लिहितात, टिंब जुनं झालं. मी म्हटलं, माझ्या बाबांनी जन्मभर गांव लिहिलं, दुकानाच्या पाटीवर लिहिलं, ते काय अडाणी होते? तू लगेच म्हणालास, बाबांना मध्ये आणू नकोस, बाबांना मी कांय म्हटलें ना. चहा आला, गार झाला, दुसरा आला.

तोडगा तू काढलास आणि काढलास तो असा की गोंधळ आणखी वाढला. क्वेरीत एक ओळ घातलीस, टिंब दिसलं की काढून टाक, मग जुळव. कोरगाव परत आलं. आबांची बी सापडली. तू मिशीत हसत होतास. त्या वर्षीच्या सभेत रिपोर्ट भिंतीवर लावला आणि तुझी बहीण नंदा, मांद्र्याची, तिच्या गेस्ट हाउसचं काम टाकून आलेली, पुढं जाऊन वाचते तर काय? 'माद्रे'. खाली चांदेलचं 'चादेल'. सगळ्या पेडणे तालुक्यातली टिंबं तू झाडून साफ केली होतीस.

"आमच्या मांद्र्याचें नाक कोणें कापलें?" नंदा भर सभेत ओरडली. तू माझ्याकडे बोट दाखवलंस. निर्लज्ज!

त्यानंतर ती ओळ नीट झाली. जुळवताना टिंबाकडे बघायचं नाही, आणि दाखवताना ज्यानं जसं लिहिलंय तसं त्याचं त्याला द्यायचं. सरळ गोष्ट होती. पण तुला ती फार म्हणजे फारच आवडली. येता जाता सांगायचास. आणि तिच्यातूनच आपलं मोठं भांडण निघालं, जे तुझ्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालू होतं.

मी म्हणत होते, हे सगळं कशाला जोडत बसायचं? एक मशीन घेऊ, पेडण्याचं आणि पाळीचं दोन्ही त्याच्यावर आणून ठेवू. एकाच ठिकाणी एकदाच काय ते शुद्ध करू. तुला ते सहनच व्हायचं नाही. जसं काही मी तुझा गावच उचलून डिचोलीला न्यायला निघाले होते.

त्या भांडणाची सगळ्यात मोठी फेरी नंदाच्या गेस्ट हाउसच्या बाल्कांवात, पुढच्या ओसरीत झाली. नंदानं आपल्याला जेवायला बोलावलं होतं आणि पश्चात्ताप केला. तू म्हणत होतास, इंटरनेटची लाइन गेली तर? पेडण्याला पोती घेऊन माणसं उन्हात उभी, आणि मशीन पाळीला, मग त्यांना काय सांगू, परत जा? मी म्हणत होते, आणि आता लाइन जाते तेव्हा तुझा रिपोर्ट कुठं येतो? तू म्हणालास, रिपोर्ट उद्या आला तर कोणी मरत नाही, पोतं आज घ्यायला हवं. मी म्हटलं, दोन ठिकाणी दोन तऱ्हा, एकदा टिंब झालं, उद्या आणखी काही होईल, किती ओळी घालत बसशील? तू म्हणालास, घालीन. मी मेज ठोकलं. तूही ठोकलंस. कोपऱ्यात जेवणाऱ्या गोऱ्या पाहुणीनं नंदाला हळूच विचारलं, यांचा घटस्फोट होतोय का? नंदा म्हणाली, छे हो, नवराबायको नव्हेत, एकमेकांच्या ऑफिसातली माणसं आहेत, काजूवरून चाललंय. त्या बाईला काही ते पटलं नाही. जाताना तिनं माझा हात दाबला.

माझा नवरा म्हणायचा, तू सगुणशी भांडून आलीस की घरात शांतता असते. त्यानं तर तुझे एकदा जाहीर आभार मानायचं ठरवलं होतं. राहिलंच ते.

मला खरं काय सांगायचंय, सांगू? माझ्या बोलण्याला माणसं चटकन हो म्हणतात. माझा आवाज मोठा आहे, मी पटकन तापते, लोकांना वाटतं, हो म्हणून मोकळं व्हावं. तू कधी हो म्हणाला नाहीस. मला कधी सवलत दिली नाहीस. माझा एखादा मुद्दा बिनतोड असला की तू खाली बघून कान खाजवायचास, दोन दिवस फोन करायचा नाहीस, आणि मग नवी काहीतरी अडचण शोधून यायचास. तुझ्यामुळं मी विचार करायला लागले रे. नाहीतर मी नुसती बोलत होते. हे तोंडावर सांगितलं असतं तर तू वर्षभर मिरवलं असतंस, म्हणून सांगितलं नाही. आता मिरव.

तर तुझं ते लॉगिन.

पेडण्यात ओरडून झाल्यावर मी पाळीला आले आणि माझ्या सर्व्हरवर आत कोण कोण आलं ते बघायला बसले. रोज सकाळी, दिवसाच्या पहिल्या चहाच्या वेळी, तुझं नाव. सगुण आला. सगुण गेला. कोणीही पेडण्याहून काहीही विचारलं असो, शिरोडकरांनी विचारलेलं असो की नव्या कारकुनानं, लिंक तुझी म्हणून आत येताना तूच आलेला. प्रत्यक्ष पाळीला यायचं म्हटलं की तुझी केवढी कुरकुर! रस्ता असला, धूळ तसली. आणि तुझं नाव मात्र बिचारं रोज न चुकता येऊन जात होतं. तू गेल्यावरही येत होतं ते, खातं बंद होईपर्यंत. मी ते बघितलं आणि मला रडू फुटलं. मारुती दारात होता. "मॅडम, च्या आणू का?" म्हणाला. आण म्हटलं.

मी नवं लॉगिन केलं. संस्थेच्या नावाचं, कोणाही माणसाचं नसलेलं, मी पहिल्यापासून सांगत होते तसं. पेडण्याला परत जाऊन लिंकवरून तुझं नाव काढलं. मला वाटलं होतं हात चालणार नाही. चालला. कारण सभा रविवारी होती, आणि तुझ्या नावाला कवटाळून बसले असते तर त्या लोकांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नसतं, आणि ते तुला मुळीच आवडलं नसतं. पेडण्याहून तुझी क्वेरी चालवली. तीच, एक अक्षर न बदलता. थोडी घुटमळली आणि गावं खाली यायला लागली. मी आधी मांद्रे बघितलं. नाक जागेवर होतं.

कोरगावात सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. खिडक्या-जनेलं उघडी टाकली तरी उकडत होतं. आबा पुढच्या कदेलीवर बसले होते, पांढरा शर्ट, टोपी मांडीवर. नंदा त्यांच्या शेजारी. आबांना मी काय सांगणार, कसं सांगणार? तुझा आणि त्यांचा तो जुना वाद मला ठाऊक होता. तू रोज रिपोर्ट बघायचास, आणि घरी आबांना त्यांच्या बीचं एक अक्षर सांगायचा नाहीस. सगळ्यांना सभेत कळेल तेव्हा तुम्हाला कळेल, आबा, म्हणायचास. ते माझ्याकडे तक्रार करायचे, "पोटचो पोर, आनी बापायक सांगना! म्हजीच बी न्हय ती?"

मी एकेक गाव वाचत गेले. लोक ऐकत होते, कोणी मान हलवत होतं, कोणी शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होतं. कोरगाव आलं. आबांचं नाव आलं.

"आबा, तुमची बी यंदा सुरेख निघाली. अख्खा गर भरपूर. डागी जवळपास नाहीच."

आबांनी टोपी हातात घेतली आणि विचारलं, "ताका खबर आशिल्ली?"

त्याला माहीत होतं का? सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "होय आबा. तो रोज बघत होता. त्याला सगळं माहीत होतं."

"आनी माका सांगलें ना," आबा म्हणाले. "चांडाळान माका सांगलें ना!" आणि ते हसायला लागले. असे हसले सगुण, की मागच्या रांगा उठून बघू लागल्या, नंदा हसली, सगळा हॉल हसला, आणि आबा टोपीनं डोळे पुसत हसतच राहिले. मला त्या वेळी तुझी फार आठवण आली. तू असतास तर मागं दाराशी उभा राहून, आपला काही संबंध नसल्यासारखा, बाहेरची झाडं बघत बसला असतास.

मग शिरोडकर उठले. म्हणाले, पुढच्या हंगामापासून सगळं एकाच मशीनवर आणायचा विचार आहे, उज्ज्वलाबाई समजावून सांगतील.

मी उभी राहिले. माझे सगळे मुद्दे पाठ होते. दोन ठिकाणी दोन तऱ्हा कशाला, म्हटलं. लोकांनी माना डोलावल्या. लिंक तुटली की रिपोर्ट बंद, आत्ताच बघितलंत, म्हटलं. बरोबर आहे, असं कोणीतरी म्हणालं. एकदाच शुद्ध करून ठेवलं की कायमची कटकट गेली, म्हटलं. शिरोडकर खूश. कोणी हरकत घेतली नाही. आणि माझ्या लक्षात आलं की प्रत्येक मुद्द्यानंतर मी थांबतेय. तुझी ती सवय, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "पूण..." म्हणायची. मी तेवढी जागा सोडत होते. ती रिकामीच राहत होती.

मग मीच म्हटलं, "पूण."

शिरोडकरांनी वर बघितलं.

"पूण लाइन गेली तर? तुम्ही पोतं घेऊन उन्हात उभे, आणि मशीन पाळीला. मग? आणि ज्यानं बी हातात घेऊन बघितली, त्यानंच तिचं लिहायला नको का? त्याचं त्याच्याकडे राहू दे, आपण विचारून घेऊ. विचारायला कसली लाज?" मी तुझे सगळे मुद्दे सांगितले, एकूण एक, जे मी बाल्कांवात मेज ठोकून उडवून लावले होते तेसुद्धा, आणि तुझ्यासारखेच, हात हलवत. मला स्वतःलाच कळलं नाही मी कधी पेडणेकरांसारखी बोलायला लागले. लोक गालात हसत होते. मला वाटतं, त्यांनी ओळखलं.

शिरोडकर गोंधळून म्हणाले, "उज्ज्वलाबाई, म्हणजे तुमचं मत तरी नेमकं काय?"

"माझं मत एकच मशीन."

"मग आणू या?"

"नको," मी म्हटलं. "सगुणचं मत तसं नाही. आणि आम्हां दोघांचं अजून मिटलेलं नाही."

आबा कदेलीवरून म्हणाले, "मग रावूं दी तशेंच. मिटलें काय सांगतली ती." मिटलं की सांगेल ती, म्हणे. आणि शिरोडकर खाली बसले. काय करतील बिचारे?

तेव्हा राहिलं आहे तसंच. पेडण्याचं पेडण्याला, पाळीचं पाळीला. परत येताना बसमध्ये मी मनातल्या मनात तुला तुझ्या लाइनच्या मुद्द्यावर एक उत्तर दिलं. चांगलं होतं रे, बिनतोड होतं. तू कान खाजवला असतास.

मला तुझं अजून पटलेलं नाही, सगुण.